फादर एक, वाड्या पाच. चर्च चालवायचं कुणी?

कृष्णाकाठ (सांगली)
परवा गल्लीतल्या एका आज्जींना माती द्यायची होती. पाऊस ओतत होता आणि फादर शिराळ्याकडं अडकलेले. शेवटी कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षण देणाऱ्या, मावशींनीच प्रार्थना चालवली. एका हातात पुस्तक, वर कुणीतरी धरलेली छत्री, पानं भिजून चिकटलेली, तरी मावशी अडखळल्या नाहीत. कुणाला काही खटकलंही नाही. मग चर्चच्या गळक्या कौलांवर पत्रा टाकायचा निर्णय फादर येईपर्यंत तीन आठवडे का लटकतो?

आपल्या कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत कलम ५१७ आहे. धर्मगुरू कमी पडत असतील तर धर्मग्रामाची (एका चर्चखालच्या सगळ्या वस्तीची, म्हणजे पॅरिशची) जबाबदारी प्रापंचिकांकडं, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या साध्या माणसांकडं, अगदी एका गटाकडंसुद्धा, सोपवता येते. मिस्सा (वेदीवरची मुख्य उपासना) आणि पापनिवेदन ऐकणं फादरांचंच. बाकी कारभार चार-पाच जणांनी मिळून बघायला काय हरकत आहे?

पेठनाका
दादा, कलम अर्धंच वाचलंत. ते बिशपांनी ठरवायचं असतं, आणि तरीही देखरेखीला एक धर्मगुरू नेमावाच लागतो. 'सोपवता येते' असं सरसकट नाही, त्या जबाबदारीत सहभाग देता येतो, एवढंच. पॅरिश कौन्सिलचं, म्हणजे धर्मग्रामातल्या लोकांच्या समितीचंही तसंच. कलम ५३६ प्रमाणे तिचं मत सल्ल्यापुरतं.

आणि खरं सांगू का, ते बरंच आहे. आपल्या जिल्ह्यात कारखान्याची, सोसायटीची निवडणूक बघितलीय ना? चर्चमध्येही दोन पॅनल पडतील. एकाच भावकीतले तिघं येतील आणि नाताळच्या गोठ्याला कुठला बल्ब लावायचा यावरून वर्षभर बोलणं बंद. फादर बाहेरचे असतात, बदलून जातात, म्हणून तरी सगळे त्यांचं ऐकतात.

मिरजवाला
मी कॅथलिक नाही, मध्येच तोंड घालतो. आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, म्हणजे प्रोटेस्टंट. १९७० ला वेगवेगळी चर्च त्यात एकत्र आली, त्याआधी आम्ही प्रेस्बिटेरियन, त्यामुळं मंडळीनं निवडलेले, कारभार बघणारे वडीलजन आमच्याकडं जुनेच. पेठनाका म्हणतात ते भांडण होतं हो, होतंच. एकदा तर खुर्च्या भाड्यानं द्यायच्या की नाही यावर बैठक रात्री साडेअकराला संपली. पण पाळक बदलून गेले तरी काम थांबत नाही. तुमच्याकडं फादर बदलले की नवे फादर आधीच्यांचं सगळं मोडून पुन्हा मांडतात, असं माझा मेहुणाच सांगतो.

कोरेगावची लेक
दोघांनाही एक विचारते. या 'चार-पाच जणांत' बाया किती? वेदीची फुलं, मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग, आजारी माणसाच्या घरी जाऊन बसणं, सगळं आम्हीच करतो. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवकाची अधिकृत सेवा बायकांना खुली केली, त्याच वर्षी कॅटेकिस्टलाही अधिकृत स्थान दिलं. चांगलंच झालं. पण बैठकीत आम्ही चहा देऊन मागच्या बाकावर. पॅनल भावकीचं पडेल याची पेठनाका भाऊंना काळजी आहे. आत्ताची कौन्सिल कुणाची आहे, ते एकदा मोजून बघा.

पेठनाका
ताई, मोजलं. सातात एक. बोलती बंद.
तरीही माझं म्हणणं सोडत नाही. आजारी माणसाला प्रार्थनेसह पवित्र तेल लावायला शेवटी फादरच लागतात, आणि कारभार वेगळा काढला की ते पाहुण्यासारखे येऊन मिस्सा करून जातील. माझ्या वडिलांच्या शेवटच्या रात्री फादर दोन वाजता आले होते. घर ओळखीचं होतं म्हणून कुणाला न विचारता आले.
पैशाबाबत मात्र मी कृष्णाकाठ यांच्या बाजूनं. कलम ५३७ प्रमाणे अर्थसमिती प्रत्येक धर्मग्रामात असायलाच हवी, तिथं मर्जीचा प्रश्नच येत नाही. तुमच्याकडं आहे का?

कृष्णाकाठ (सांगली)
कागदावर आहे. शेवटची बैठक कधी झाली ते तिघांनी तीन वेगळं सांगितलं.
दोन वाजताची गोष्ट वाचून थांबलो जरा. ते जाऊ नये असंच मलाही वाटतं. पण रात्री दोनला येणाऱ्या माणसानं दुपारी पत्रेवाल्याशी घासाघीस कशाला करायची?
रविवारी मिस्सेनंतर फादरांना विचारलं, महिन्याचा हिशोब दाराच्या फळ्यावर लावू का. म्हणाले, "लावा. टाचण्या तुमच्या."