धोट्याबरोबर कांडीही गेली

कृत्रिम बुद्धिमत्तेने नोकऱ्या जातील का, या चर्चेत यंत्रे जुने काम घेतात, तसे नवे काम देतातच, असे म्हटले जाते; हे मत मला अर्धेच पटते. इचलकरंजीच्या साध्या यंत्रमागावर धोट्यातील, म्हणजे आडवे सूत इकडून तिकडे नेणाऱ्या भागातील, कांडी (सूत गुंडाळलेली छोटी नळी) संपली की कामगार माग थांबवून हाताने दुसरी कांडी घालतो, आणि त्या कांड्या भरण्यावर आणखी कुणाचे तरी घर चालते. एअरजेट या नव्या, बिनधोट्याच्या मागात हवेचा झोत कोनावरचे, म्हणजे मोठ्या शंकूच्या आकाराच्या रिळावरचे, सूत थेट ओढून नेतो. कांडी भरण्याचे कामच उरत नाही. नवे काम निघते खरे, परंतु ते इलेक्ट्रॉनिक पॅनेल कळणाऱ्या तंत्रज्ञाला मिळते, पन्नाशीतल्या कांडीवालीला नव्हे. कृत्रिम बुद्धिमत्तेबाबतही प्रश्न नोकऱ्यांच्या एकूण बेरजेचा नसून, काम गेलेल्या माणसाला दुसरे काम शिकेपर्यंत पगार कोण देणार, हा आहे.