तपासणीपेक्षा भीती कमी करणे गरजेचे

वैमानिकांची मानसिक तपासणी अधिक कडक करावी, अशी सूचना केली जाते; ती सद्हेतूने केलेली असली तरी तिच्यामुळे आजार लपवण्याकडेच कल वाढेल, असे मला वाटते. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्स या जर्मन विमानकंपनीचे विमान सहवैमानिकाने फ्रान्समधील आल्प्स पर्वतात हेतुपुरस्सर कोसळवले आणि विमानातील सर्व १५० जण मरण पावले. त्याच्या घरी आजारपणाच्या रजेची फाडलेली प्रमाणपत्रे सापडली, त्यांत त्या दिवसाचेही होते. आजार उघड केल्यास परवाना आणि उत्पन्न गमावण्याची भीती फ्रेंच तपास अहवालाने स्पष्ट नोंदवली आहे. युरोपीय संघात २०२१पासून विमानकंपन्यांना प्रशिक्षित सहकाऱ्यांमार्फत गोपनीय आधार देणे बंधनकारक आहे, हे योग्यच झाले. परंतु उपचारकाळात पगाराची शाश्वती नसेल, तर घराचे हप्ते फेडणारा वैमानिक तोंड उघडेल तरी कशाला?