दळणवळणाच्या चिप बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर पंधरा वर्षांसाठी घ्यावेत का?

मुळाकाठ:
निवृत्तीला पंधरा वर्षे आहेत आणि बचतीतला थोडा भाग तोवर अमेरिकी शेअरमध्ये ठेवण्याचा विचार आहे. मोबाइल, वाय-फाय आणि डेटा सेंटर यांचा वापर वाढतच जाणार, म्हणून क्वालकॉम, ब्रॉडकॉम आणि स्कायवर्क्स यांत रक्कम सारखी विभागावी असे वाटते. या विचारात काय कच्चे आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ताळेबंद:
वापर वाढेल हे खरे, पण त्यातला नफा कोणाच्या पदरात पडेल हे या धंद्यात बऱ्याचदा मोठा ग्राहक ठरवतो. फोनमध्ये निरनिराळ्या फ्रिक्वेन्सी बँडसाठी (रेडिओलहरींच्या पट्ट्यांसाठी) वेगवेगळे फिल्टर, म्हणजे नको त्या लहरी अडवणारे भाग, लागतात. हे फिल्टर आणि सिग्नलची ताकद वाढवणारे अँप्लिफायर एकत्र बसवलेली मॉड्यूल स्कायवर्क्स बनवते. काम अवघड आहे, तरीही २०२४ च्या आर्थिक वर्षात तिच्या विक्रीचा दोन-तृतीयांशाहून अधिक वाटा एकट्या ॲपलचा होता. त्याच ॲपलने २०१९ मध्ये, फोनला मोबाइल नेटवर्कशी जोडणाऱ्या मॉडेम चिप विकणाऱ्या क्वालकॉमशी चाललेला न्यायालयीन तंटा मिटवला, काही महिन्यांतच इंटेलचा स्मार्टफोन-मॉडेम विभाग १०० कोटी डॉलरना घेण्याचा करार केला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयफोन १६ई हा स्वतःच्या सी१ मॉडेमसह बाजारात आणला. तुमच्या पंधरा वर्षांत असे आणखी एखादे वळण सहज येऊ शकते. क्वालकॉमला निदान पेटंटच्या रॉयल्टीचा आधार आहे, कारण फोनमधली चिप दुसऱ्याची असली तरी रॉयल्टी मिळू शकते. म्हणून स्कायवर्क्स आणि क्वालकॉम या दोघींना समान वाटा देणे मला पटत नाही.

सबुरी:
वरील मुद्द्याशी मी सहमत आहे, मात्र खरेदीच्या भावाचाही विचार व्हावा. १९९९ या एका वर्षात क्वालकॉमचा शेअर पंचवीस पटींहून अधिक वाढला. पुढे मोबाइल जगभर पोहोचला, कंपनीही मोठी झाली, तरी २००० च्या आरंभीचा भाव पुन्हा दिसायला सुमारे वीस वर्षे लागली. म्हणजे भाकीत खरे ठरूनही गुंतवणूकदाराच्या हाती लाभांशापलीकडे फारसे काही आले नाही. ब्रॉडकॉमकडे पाहताना मला हेच आठवते. तिची टोमाहॉक ५ ही स्विच चिप (डेटा सेंटरमधल्या संगणकांमध्ये माहितीची ने-आण करणारी) सेकंदाला ५१.२ टेराबिट माहिती हाताळते, आणि २०२४ च्या आर्थिक वर्षातील ५,१६० कोटी डॉलरच्या उत्पन्नापैकी सुमारे १,२२० कोटी एआयशी निगडित होते. कंपनी उत्तम आहे यात शंका नाही, पण एआयसाठीची मागणी मोजक्या बड्या ग्राहकांकडून येते आणि भावात पुढची बरीच वाढ आधीच धरलेली असते. मी असतो तर एकरकमी न घेता तीन-चार वर्षांत टप्प्याटप्प्याने घेतले असते.

करसल्ला:
एक व्यावहारिक बाब. भारतातील रहिवाशाला मिळणाऱ्या लाभांशातून अमेरिकेत साधारण २५ टक्के कर कापला जातो. तो कर इथे भरायच्या करातून वळता करून घेण्याची मागणी विवरणपत्रात करता येते. शिवाय तिथली मालमत्ता ६०,००० डॉलरच्या वर गेली, तर मृत्यूनंतर तिच्यावर अमेरिकेचा एस्टेट टॅक्स (मृताच्या मागे राहिलेल्या संपत्तीवरचा कर) लागू होऊ शकतो, तेव्हा रक्कम ठरवण्याआधी सनदी लेखापालाशी बोलून घ्या.