आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, घरी व्यायाम कसे करून घ्यायचे?

पारिजात:
आई ७८ वर्षांची आहे, घरातच पडली आणि खुब्याचं हाड मोडलं, अर्धा सांधा बदललाय. आता घरी आणलंय, टाकेही निघालेत. फिजिओ आठवड्यातून दोनदा येतात. ते समोर असले की वॉकर धरून छान चालते, ते गेले की परत पलंगावर आणि मग "उद्या बघू", खरं तर तिला पडायची भीती बसलीये. मधल्या दिवसांत आम्ही काय करून घ्यायचं? कोणी घरी केलं असेल तर प्लीज सांगा, फार काळजी वाटते.

कवडसा:
आधी सर्जनना दोन गोष्टी स्पष्ट विचारून घ्या. त्या पायावर किती भार द्यायचा (सांधा बदलला असेल तर बहुतेक वेळा पूर्ण भार चालतो, पण आपल्या मनाने ठरवू नका) आणि वाकण्यावर काही बंधन आहे का. ऑपरेशन मागच्या बाजूने झालं असेल तर काही आठवडे खुब्यात ९० अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही असं सांगतात, कारण सांधा निखळू शकतो. म्हणजे बुटकी खुर्ची आणि खोल सोफा बंद, कमोडवर उंच सीट लावा.

माझ्या सासूबाईंना सगळ्यात जास्त फायदा झाला तो खुर्चीतून उठ-बस करण्याचा. हातांची दणकट खुर्ची घ्या, भिंतीला टेकवा, कडेपर्यंत पुढे सरकून बसवा, ऑपरेशनचा पाय थोडा पुढे आणि दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबून उठायचं. वॉकर ओढून उठू देऊ नका हं, तो अंगावर येतो. बसतानाही खुर्ची पायांना मागून लागली की मगच हात मागे न्यायचे. सुरुवातीला चार-पाच वेळा जमलं तरी पुष्कळ, पण दिवसातून तीन-चारदा. आणि पाणी, चष्मा सगळं हातात नेऊन देऊ नका, टेबलापर्यंत तिलाच चालत जाऊ दे, तुम्ही बाजूला उभे राहा.

दुखतंय म्हणून टाळत असेल तर वेदनेची गोळी डॉक्टरांना विचारून व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या, आमच्याकडे याने खूप फरक पडला.

भटका:
+१ उठ-बसला. सैल चपला आणि पायपुसणी आजच काढून टाका, रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा चालू ठेवा.

निशिगंध:
मी फिजिओ आहे. वॉकरची उंची तपासा, ताठ उभं राहून हात सैल सोडले की वॉकरची मूठ मनगटाशी यायला हवी, बऱ्याच घरांत तो उंच नाहीतर बुटका असतो आणि पेशंट वाकून चालतो. पोटरी सुजली, दुखायला लागली, अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर व्यायाम थांबवून लगेच हॉस्पिटल, रक्ताच्या गुठळीची शक्यता असते. पाय एकदम आखूड किंवा वळलेला दिसला, टेकवताच येईना, तरीही तेच.

आणि एक कळकळीने सांगते, उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला म्हणजे हाडं ठिसूळ झालीत असंच धरून चालायचं. पुष्कळदा ऑपरेशन होतं आणि हा भाग राहूनच जातो, मग दुसरी बाजू मोडते. हाडांच्या घनतेची तपासणी, ड जीवनसत्त्व, ठिसूळपणाचं औषध याबद्दल स्वतःहून विचारा. झोपेची गोळी चालू आहे का, उठल्यावर बीपी उतरतं का, चष्म्याचा नंबर बदललाय का, हेही बघून घ्या.

पारिजात:
खूप खूप आभार सगळ्यांचे! झोपेची गोळी चालू आहे, उद्याच डॉक्टरांशी बोलते. दारात दोन पायऱ्या आहेत, त्या कधी?

निशिगंध:
तुमच्या फिजिओंनी एकदा समोर करून घेतल्यावरच. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, एक हात कठड्याला. कठडा नसेल तर तो आधी बसवून घ्या. आणि फिजिओंच्या व्हिजिट संपल्या तरी व्यायाम बंद करू नका, ताकद वर्षभर वाढत राहू शकते.