मदत हवी आहे: कंबरेखाली अंगाचा घेर जास्त असेल तर कुर्त्याचं कापड आणि शिलाई

मापं: छाती ३६, कंबर ३२, सीट (नितंबांचा घेर) ४४ इंच. छातीच्या मापाचा तयार सरळ कुर्ता सीटवर अडतो, बाजूचे कट फाकतात, कंबरेत चुण्या पडतात. सीटच्या मापाचा घेतला की खांदा उतरतो, मुंढा (बाहीचा घेर) ढगळ होतो. म्हणून खांद्यात नेटका, कंबरेपासून सुटणारा कळीदार (खाली रुंद होणाऱ्या पट्ट्या जोडलेला) कुर्ता शिवून घ्यायचा आहे, सीटवर ४ इंच सैल. लांबी गुडघ्याखाली हवी. सीटच्या सर्वात रुंद भागावर संपलेला कुर्ता तिथेच नजर खेचतो.

रेयॉन छान पडतं पण अंगाला चिकटतं, कडक कॉटन फुगतं. मग मलकॉटन (मऊ, पातळ सुती कापड) अस्तरासह बरं की लिनन? ४४ इंच पन्ह्याचं ३ मीटर पुरेल का? पुण्यात लक्ष्मी रोड किंवा कोथरूडकडे कळ्या नीट कापणारे टेलर कोण आहेत, ताई? शिलाईचा दरही सांगा.