फ्रेंचच्या वर्गात फरच्या व्यापाराचा इतिहास: दोन तासिकांत काय घ्यावं?

प्रश्न
ए-टू (प्राथमिकच्या वरच्या) पातळीच्या वर्गाला न्यू फ्रान्स या उत्तर अमेरिकेतल्या जुन्या फ्रेंच वसाहतीतला फरचा व्यापार शिकवायचा आहे. ४५ मिनिटांच्या दोन तासिका, विद्यार्थी २४. सनावळ्या घोकण्यापेक्षा त्यांनी फ्रेंच बोलावं, अशी इच्छा आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर १
कोड्यापासून करा. बीव्हर या पाण्याकाठच्या केसाळ प्राण्याचं कोरं कातडं आणि एकदोन हिवाळे अंगावर वापरून तेलकट झालेलं कातडं, यांत महाग कोणतं? बहुतेक जण कोरं म्हणतील. महाग होतं ते वापरलेलं, म्हणजे ‘कास्तोर ग्रा’. तिथले मूळनिवासी केसाळ बाजू आत घेऊन ते पांघरत. घासून वरचे राठ केस गळत आणि टोप्यांच्या फेल्टला (दाबून केलेल्या कापडाला) हवी असलेली मऊ लव तेवढी उरे. नुसतं वाळवलेलं ते ‘कास्तोर सेक’. ‘प्लू शेर क’ची (‘-पेक्षा महाग’) वाक्यं इथे आपोआप निघतात.

उत्तर २
दुसऱ्या तासिकेला अदलाबदलीचा खेळ ठेवा. आठ-आठ जणांचे तीन गट: क्री (तिथली एक मूळनिवासी जमात), फ्रेंच आणि हडसन बे कंपनीचे इंग्रज. इथे वेंडाट ही दुसरी मूळनिवासी जमात घेऊ नका. त्यांचा प्रदेश १६४९मध्येच उद्ध्वस्त झाला होता, कंपनी १६७०ची. क्री गटाला कातड्यांची १२ कार्डं, बाकीच्यांना पातेली, कुऱ्हाडी, घोंगड्या. प्रत्येक सौद्याला ‘एशांजे… कोंत्र…’ (‘…च्या बदल्यात… देणं’) असं पूर्ण वाक्य हवं. ‘कोंत्र’ऐवजी ‘पुर’ (‘साठी’) येतं, तिथे लगेच थांबवा.

एक नियम मात्र सोडू नका: क्री गट सौदा नाकारून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. नाहीतर ‘भोळ्यांना मणी देऊन फसवलं’ एवढंच मुलं घेऊन जातात. प्रत्यक्षात ते मालाचा दर्जा पारखून घेत आणि फ्रेंच-इंग्रजांच्या चढाओढीचा फायदा उठवत.

उत्तर ३
‘त्रेत’ (व्यापार) हा शब्द सुटा देऊ नका. शब्दकोशात त्याचे अर्थ गुलामांचा व्यापार आणि दूध काढणं असेही सापडतात. ‘त्रेत दे फुर्युर’ (फरचा व्यापार) असाच पाठ करून घ्या. ‘कुरर द ब्वा’ आणि ‘व्वायाजर’ही वेगळे ठेवा: १६८१पासून वर्षाला २५ परवाने ठरले; परवान्याविना व्यापाराला जंगलात जाणारा तो कुरर, परवान्याने जाणारा व्वायाजर.

प्रश्नकर्ता
जुन्या मजकुरात मूळनिवाशांसाठी ‘सोव्हाज’ (‘रानटी’) येतो. तो काढून टाकू?

उत्तर २
मजकुरात राहू द्या, पण तो तेव्हाच्या फ्रेंचांचा शब्द आहे हे सांगा. मुलांच्या वाक्यांत ‘ओतोक्तोन’ (मूळनिवासी), आणि जमातीचं नाव माहीत असेल तर तेच.