उसातल्या उंदरांसाठी तारेची फासकी कशी लावायची? पहिल्यांदाच करतोय

खोडवा_दीड_एकर

नमस्कार मंडळी. आमचं रान देवराष्ट्र्याच्या खालच्या अंगाला, सागरेश्वर अभयारण्याच्या डोंगरापासून फार लांब नाही. दीड एकर खोडवा आहे, म्हणजे तोडीनंतर बुडख्यातनं परत फुटलेला ऊस. दिवाळीच्या आधीच्या पावसात ऊस लोळला आणि तेव्हापासून उंदरांनी आत संसारच मांडलाय. बुडातली दोन-तीन कांडी कुरतडतात, वरचा ऊस उभाच दिसतो, हात लावला की आडवा. तोड कधी मिळेल ते देवाला माहीत.

विषाच्या गोळ्या टाकून बघितल्या. चार दिवस बरं वाटलं, पुढं जैसे थे. आता महिनाभर रात्री यूट्यूबवर कॅनडा-अलास्काचे व्हिडिओ बघतोय. फरसाठी कोल्हे-कोयोटे धरणारे लोक पायवाटेवर बारीक तारेचा फास टांगतात आणि सकाळी जाऊन बघतात. ना विष, ना खर्च. म्हटलं आपण पण शिकावं. तीन प्रश्न:

१) तार कुठली घ्यायची? गाडीची जुनी क्लच वायर चालेल का, का तांब्याची?
२) उंदरासाठी फासाचं तोंड केवढं ठेवायचं, जमिनीपासून किती उंच?
३) ओढ्याच्या बाजूनं रात्री डुकरं पण येतात. तिथं मोठा फास लावला तर एका दगडात दोन पक्षी होतील का?

चेष्टा नको, खरंच मनावर घेतलंय.

वारणाकाठ_म्हातारा

भावा, आधी तिसऱ्याचं उत्तर देतो, कारण गोम तिथंच आहे. डुकरासाठी फासकी लावू नकोस. कायदा खाली कुणीतरी सांगेलच, मी माझी गोष्ट सांगतो.

आमचं रान शिराळा तालुक्यात. वीसेक वर्षांपूर्वी भुईमूग काढायला आठवडा उरला होता आणि डुकरांनी दोन रात्रीत सरीच्या सरी उकरून टाकल्या. डोकं फिरलं. गॅरेजातनं चार क्लच वायरी आणल्या, वईला, म्हणजे काट्याच्या कुंपणाला, जिथं खिंडार पडलं होतं तिथं बाभळीच्या बुंध्याला बांधून फास सोडले. बांधताना स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

सकाळी बघतो तर शेजारच्या म्हातारीचं कुत्रं. तिच्या शेळ्यांमागं दिवसभर फिरायचं ते. फास गळ्यात नाही, कमरेत आवळलेला. रात्रभर ओढून ओढून त्यानं बाभळीभोवती गोल नांगरट केली होती, आणि तार केसातनं आत कातड्यात गेली होती, वरून दिसतच नव्हती. बोटानं चाचपून शोधावी लागली. पक्कड लावली तर तुटेना. क्लच वायर म्हणजे एक तार नव्हे, बारीक पोलादी तारांचा पीळ असतो. एक तुटली की दुसरी घसरते. शेवटी घरनं छिन्नी आणली, तारेखाली दगड सरकवला आणि हातोडीनं घाव घातले. प्रत्येक घावाला कुत्रं मला चावत होतं, आणि चावू दे म्हणत मी घाव घालत होतो. सुटल्यावर ते जे पळालं ते परत कधी आमच्या बांधाला आलं नाही. कमरेभोवती बिनकेसाचा पट्टा राहिला तो मरेपर्यंत. मला इंजेक्शनं घ्यावी लागली. म्हातारी काही बोलली नाही, पण पुढं वर्षभर ताक मागायला आली नाही.

डुकरं त्या रात्री पण आली होती. दुसऱ्या बाजूनं.

तुझं रान तर सागरेश्वरच्या अंगाला. तिथनं चितळ, सांबर खाली पिकात उतरतात हे तू माझ्यापेक्षा जास्त बघितलं असशील. फास लावून तू घरी जाऊन झोपणार. त्यात पाय कुणाचा पडतोय ते फासाला काय माहीत?

उंदराचं मात्र बोलू. त्याला धरायला कुणाची ना नाही. पण मोकळा तारेचा फास उसात चालत नाही. तिकडं बर्फावर जनावराची वाट रेघ मारल्यासारखी दिसते. आपल्याकडं पाचटाखालनं उंदराला दहा वाटा, फास टांगणार कुठं? मी लाकडी फळीचे चाप वापरतो, बाजारात मिळतात ते. आणि काही धनुष्याचे. तमिळनाडूत कावेरी खोऱ्यातल्या भातात बांबूच्या कामट्यांचा धनुष्यासारखा सापळा लावतात, उंदरानं आमिष ओढलं की कामटी सुटून फास आवळतो. तसे मी चिव्याचे, म्हणजे बारीक बांबूचे, करून बघितले. पाचातले दोन बरे चालतात, बाकीचे माझ्या हाताचा दोष.

आता रीत. संध्याकाळी बांधावरनं फिर, दिसेल ते बीळ पायानं बुजव. सकाळी परत फीर. जी उघडलेली दिसतील तेवढीच जिवंत. चाप तिथंच. नाहीतर माणूस जुन्या ओसाड बिळांसमोर आठवडाभर आमिष मांडून बसतो, मी बसलोय. आमिष म्हणून भाकरीचा तुकडा शेंगदाण्याच्या तेलात बुडवून, नाहीतर सुकट. लोळलेल्या उसात गोड भरपूर आहे, त्याला गोडाचं कौतुक नाही.

आणि पहिल्या दोन रात्री चाप ताणूच नको. आमिष ठेव, चाप निवांत पडू दे. उंदीर नव्या वस्तूला बुजतो. ती तिथलीच आहे असं एकदा त्याला वाटलं की तिसऱ्या रात्री ताण. चापाचं आमिषाचं टोक बांधाला भिडलेलं हवं, कारण तो कडेकडेनं, अंग घासत चालतो. उजाडायच्या आत फेरी मार. उशीर केलास तर चापात सापडलेला उंदीर कावळे नाहीतर कुत्री नेतील, आणि चाप पण नेतील. माझे दोन असेच गेले. चाप खिळ्याला दोरीनं बांध.

हातात जाड मोजे घाल. उंदराच्या मुतातनं लेप्टो हा तापाचा आजार होतो, आणि ऊसवाल्याच्या हाताला पाचटाचे ओरखडे कायमचेच असतात.

कोयना_खोरं

काका, कुत्र्याचं वाचून पोटात कालवलं. पण आमचे आजोबा जन्मभर फासक्या लावायचे, तेव्हा कोण विचारत नव्हतं. आता शेतकऱ्यानं पीक घालवायचं आणि वर गुन्हा पण घ्यायचा?

बीटवाला_पोरगा

वडील वनरक्षक होते, म्हणून लिहितो. आजोबांच्या काळात विचारत नव्हते हे खरं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते बदललं. त्यात शिकारीच्या व्याख्येतच फास लावणं, सापळ्यात धरणं, आमिष मांडणं आणि तसा नुसता प्रयत्न करणं हे सगळं येतं. म्हणजे फासकी रिकामी सापडली तरी ‘काही सापडलंच नव्हतं’ हे उत्तर चालत नाही. डुक्कर, ससा, साळिंदर, कोल्हा, मुंगूस सगळे संरक्षित. मुंगसाच्या केसांचे रंगाचे ब्रश विकणारे सुद्धा पकडले जातात.

उंदराचं वेगळं. जुन्या कायद्यात उंदीर, कावळा आणि फळं खाणारी वटवाघळं उपद्रवी म्हणून पाचव्या अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली, पण उंदराला संरक्षण काही मिळालेलं नाही.

डुक्कर पिकाला फारच त्रास देत असेल तर कलम ११ खाली लेखी परवानगीची वाट आहे. ती वनखात्याच्या अधिकाऱ्याकडनं येते, आपल्या मनानं नाही. नुकसानीचा अर्ज मात्र लगेच कर, उकरलेलं रान नांगरायच्या आधी. पंचनाम्याला आलेल्या माणसाला खड्डे दिसले पाहिजेत. आणि फासकीत अडकलेलं काही दिसलं तर जवळ जाऊ नको, १९२६ ला फोन लाव. शिराळा, कराड, पाटण या पट्ट्यात उसातच बिबट्या व्यालेली असते. वडिलांनी फासकीतला बिबट्या एकदा जवळनं बघितला होता. कुत्र्यासारखं छिन्नी घेऊन जायचं काम नाही ते.

कोरेगाव_ते_विनिपेग

मी मूळचा कोरेगावचा, सध्या कॅनडात. व्हिडिओत जे दिसत नाही तेवढं सांगतो. इथं फास लावणाऱ्याला आधी कोर्स करून परवाना काढावा लागतो, मोसम ठरलेला असतो. थंडीतच धरतात कारण तेव्हाच केस दाट भरतात, उन्हाळ्यातल्या कातड्याला भाव नाही. फास म्हणजे साधी तार नसतेच. विमानाची केबल, त्यावर मागं न सरकणारं कुलूप, पीळ बसू नये म्हणून भोवरकडी, आणि हरणाचा पाय अडकला तर सुटावा म्हणून एका जागी थांबा. चुकीचं जनावर मोठं असेल तर तुटून सुटायची सोय वेगळी. सापळ्यांच्या मानकांवर युरोप, कॅनडा आणि रशियाचा १९९७ चा करार आहे. एवढं करूनही इथं लोक त्यावर भांडतातच. क्लच वायरीला यातलं काहीच नाही.

कोयना_खोरं

बरं, डुकराचं कळलं. पण काका, उंदराला गोळीच का नको? चाप मांडत बसायला वेळ कुणाला आहे?

वारणाकाठ_म्हातारा

नको म्हटलं नाही मी. ह्या पोरानं टाकल्या कशा ते मला दिसतंय पण. झिंक फॉस्फाईडचं विष असेल तर आधी एक-दोन दिवस नुसतं साधं भरड तेल लावून खायला घालावं लागतं, मग विषाचं. एकदम विष मांडलं की थोडं खाऊन आजारी पडलेला उंदीर वाचतो, आणि पुढं त्या वासाला तोंड लावत नाही. म्हणून चार दिवस बरं वाटलं आणि मग जैसे थे. त्या औषधावर उतारा नाही, हातानं कालवू नये, घरात तर ठेवूच नये. ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या विषाच्या वड्या सावकाश मारतात, त्यामुळं त्यांना तो बुजत नाही. पण गुंगलेला उंदीर घुबडानं उचलला की घुबड पण गेलं. आमच्या विहिरीवरच्या वडात पिंगळे आणि एक गव्हाणी घुबड आहे, त्यांच्यासाठी मी वड्या बंद केल्या. वेळेचं म्हणशील तर मला आता वेळच वेळ आहे, ते खरं.

आणि एकट्यानं चाप लावून एकट्याचंच रान मोकळं होतं, ते पण पंधरा दिवस. शेजारची तोड झाली की तिथले सगळे तुझ्याकडं. बांध सामाईक आहे तर बांधाच्या दोन्हीकडच्यांना धर. खरी मोहीम पावसाच्या आधी, रान मोकळं असताना. तेव्हा उंदीर थोडे असतात आणि बिळं डोळ्यांना दिसतात.

खोडवा_दीड_एकर

सगळ्यांचे आभार. क्लच वायर आणली होती, ती परत गाडीच्या डिकीत टाकली. काल संध्याकाळी भावाला घेऊन बांध फिरलो. २३ बिळं बुजवली. आज सकाळी ९ उघडी. चाप आठ आणलेत, अजून ताणले नाहीत, भाकरी ठेवलीय.

एक कळलं नाही काका. दोन ठिकाणी बीळ उघडलेलं नाही, पण तोंडाशी मातीचा ढीग आहे, जसा कुणी ओंजळीनं टाकावा तसा. काल नव्हता. हे जिवंत मोजायचं का मेलेलं?

वारणाकाठ_म्हातारा

जिवंत. काळा उंदीर तो, आमच्याकडं त्याला बारकी घूस म्हणतात. आतनं माती ढकलून स्वतःच दार लावून घेतो. उघड्या बिळांचे नऊ आणि हे दोन, अकरा झाले. सगळ्यात जास्त ऊस तोच पाडतो, आणि दाणा मिळाला तर आत साठा करून ठेवतो. ढीग हातानं बाजूला सार, खाली भोक सापडेल, चाप तिथं लाव. त्याआधी एकच बघ, ढिगाची माती ओली आहे का वाळली? दुपारपर्यंत उन्हानं सगळीच वाळते, तेव्हा सकाळीच बघून सांग.